दोन ओढेकर आणि एक फॅक्स

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही, बायकोलासुद्धा नाही. एका माणसाचं पुढचं सगळं ज्या कागदावर ठरणार होतं, तो कागद मी मुद्दाम चुकीच्या ट्रेमध्ये टाकला. हात चुकला नव्हता, घाईही नव्हती. टाकला आणि चहा प्यायलो. तो चहा मला गोड लागला होता, हेही सांगतो. अर्धीच कबुली द्यायची तर गप्प बसलेलं बरं, आणि गप्प मी पुष्कळ बसलोय.

नव्वदीच्या दशकातली पहिली वर्षं होती. दुबईत अल कुसैसच्या इंडस्ट्रियल भागात आमची कंपनी होती. बिस्किटं, चहा, धुण्याची पावडर पाकिटांत भरणारी जर्मन मशीन विकायची आणि बिघडली की दुरुस्त करायची, हा तिचा धंदा. पुढे दुमजली ऑफिस, मागे पत्र्याचं वर्कशॉप. तिथे एकाच आडनावाचे दोन जर्मन साहेब होते. एक वर्कशॉपचा प्रमुख, दुसरा मॅनेजर. मशीन जर्मनीतल्या ज्या गावातून यायची त्या गावाचं नावही तेच. दोघं एकमेकांचे कुणी नव्हते, आणि कुणी 'भाऊ का?' असं विचारलं तर दोघांनाही सारखाच राग यायचा. ते आडनाव मी इथे लिहीत नाही. त्यांची मुलंबाळं असतील.

आम्ही त्यांना ओढेकर म्हणायचो. हे नाव आमच्या खोलीत पडलं.

दुबईतल्याच करामा भागातल्या त्या खोलीत आम्ही चौघं राहायचो. त्यातला एक देवगडकडचा, कंपनीत फिटर होता. माझ्याच वयाचा, म्हणजे तिशीच्या अलीकडचा. त्याला इथे फिटरच म्हणतो. मशीनला कान लावून आत काय झिजलंय ते सांगायचा, आणि उघडल्यावर तेच निघायचं. वर्कशॉपच्या साहेबाचा त्याच्यावर फार जीव. एका शुक्रवारी हा साहेब आमच्या खोलीवर जेवायला आला. अवाढव्य माणूस, वर्तमानपत्रावर मांडी घालता येईना, म्हणून पाय लांब करून बसला आणि फिटरनं केलेलं बांगड्याचं तिखलं घाम पुसत पुसत खाल्लं.

फिटरनं विचारलंच, "सर, तुम्ही आणि वरचे साहेब, ब्रदर-ब्रदर?"

साहेबाला ठसकाच लागला. "ब्रदर? देव करो आणि तसं न होवो!" मग पेन काढून त्यानं वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर ठिपके दिले. हे माझं गाव. हे खूप वर, कारखान्याचं. हे त्याच्या आजोबांचं. हे चौथं, इथे मी कधी गेलो नाही, पण पोस्टमन माझी पत्रं तिथे नेतो. सगळ्यांचं नाव एक. नावाचा अर्थ दगडांतून वाहणारा ओढा. असा ओढा जर्मनीत ठिकठिकाणी, म्हणून गावंही ठिकठिकाणी, आणि गाव सोडून जो बाहेर पडला त्याला लोकांनी गावाचंच नाव चिकटवलं.

फिटरनं मांडीवर थाप मारली. "अरे, हे तर आपल्यातलेच निघाले! ओढेकर!" आणि साहेबाला म्हणाला, "सर, यू आर ओढेकर. मी पण गावाचंच नाव लावतो. सेम टू सेम."

तेव्हापासून वर्कशॉपचे ते थोरले ओढेकर, आणि मॅनेजर धाकटे ओढेकर. नावाचा उपयोगही झाला. साहेबाच्या तोंडावर "धाकटे आज तापलेत, लांब राहा" असं म्हटलं तरी त्याला पत्ता लागत नसे. स्टोअरमधला केरळी चाचासुद्धा हाक मारायचा, "ए भाई, ओडेकर साब बुलाता. छोटावाला."

माझं काम फॅक्सचं. फॅक्स फाडायचा, झेरॉक्स काढायची कारण तो चकचकीत कागद महिन्याभरात पुसट व्हायचा, आणि ज्याच्या त्याच्या ट्रेमध्ये टाकायचा. डावीकडचा ट्रे थोरल्यांचा, उजवीकडचा धाकट्यांचा. जर्मनीतून येणाऱ्या कागदावर नुसतं 'हेर', म्हणजे त्यांचं श्रीयुत, आणि ते आडनाव असायचं. कोणता हेर ते मी ठरवायचं. पार्टचे नंबर असले की थोरले, दर आणि अटी असल्या की धाकटे, बाकीचं मजकूर वाचून. साडेतीन वर्षांत एकदाही चुकलो नव्हतो. खुद्द धाकटे एकदा म्हणाले होते, "ह्या इमारतीत मी कोण आहे हे फक्त तुलाच कळतं." कंपनीच्या पोस्ट बॉक्सातली पत्रं वाटायचीही मीच. सगळ्यांचे पासपोर्ट कंपनीच्या कपाटात असत, त्याची किल्लीही माझ्याकडे. आणि चहा करणारा रजेवर गेला की पाहुण्यांना चहा मीच द्यायचो.

हे शेवटचं मी ठाण्याला घरी कधी कळवलं नव्हतं. घरी मी 'डॉक्युमेंट ऑफिसर' होतो. हा हुद्दा मीच तयार केला होता. बाबा माझा पगार साडेआठनं गुणून, दिरहमचे रुपये करून, शेजाऱ्यांना सांगायचे आणि वर ऑफिसर जोडायचे. ह्याच जोरावर एक स्थळ चालून आलं. मुलगी मी रजेत एकदा बघितली होती. तिनं मला विचारलं होतं, "तिकडे वाळूचा त्रास होतो का हो?" एवढंच बोलणं झालं, पण मला ते पुरलं होतं. सुपारी फुटायची बाकी होती.

तेवढ्यात फिटर रजेवर निघाला. आमच्यात रीत अशी की जो जातो त्यानं सगळ्यांचं थोडं थोडं न्यायचं. मी त्याच्याकडे दुधाच्या पावडरचा डबा, केशर, अत्तराची बाटली आणि मुलीच्या आईसाठी एक चादर दिली. पार्सल घेऊन तो आमच्या घरी गेला तेव्हा मुलीचे वडील नेमके तिथे बसले होते. त्यांनी सहज विचारलं, "आमचे जावई तिकडे नक्की काय बघतात हो?"

हा हसला. कसा हसला असेल ते मला माहीत आहे. मान मागे टाकून, सगळे दात दाखवून. म्हणाला, "अहो, तो आमच्या ऑफिसचा पोस्टमन! सगळे कागद त्याच्या हातून. आणि चहा? चहा तर असा फक्कड करतो की साहेब लोक त्याला सोडत नाहीत!"

आठ दिवसांत स्थळ मोडलं. तिथे काय बोलणं झालं ते आईनं वेगळ्या कागदावर लिहिलं होतं. सोबत बाबांचं पत्र, दोन ओळींचं. 'आम्हाला तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस. पत्र पाठवू नकोस काही दिवस.'

त्यानंतर फिटर परत आला. बॅगेत माझ्यासाठी आमसुलं आणि माझ्या आईनं दिलेले बेसनाचे लाडू. त्याला काहीच माहीत नव्हतं. "तुझ्या बाबांशी काय गप्पा रंगल्या म्हणून सांगू! आणि एक गृहस्थ होते, फार चौकशी करत होते तुझी. मी म्हटलं, हिऱ्यासारखा मुलगा आहे!"

मी लाडू घेतले. स्थळाचं बोललो असतो तर तो कदाचित पाया पडला असता, आणि मला ते नको होतं. माफी मागितली की विषय संपतो. मला विषय संपवायचा नव्हता.

सात महिने मी त्याच्या ताटाला ताट लावून जेवलो. त्याच्या आईची पत्रं कंपनीच्या पोस्ट बॉक्सात यायची. ती मी दोन-दोन, तीन-तीन दिवस ड्रॉवरमध्ये ठेवून मग द्यायचो. रोज तो विचारायचा, "आलं का रे काही?" मी म्हणायचो, "नाही बाबा." पत्र दीड हातावर असायचं. त्याचा चेहरा उतरलेला बघायला मला बरं वाटायचं. पण ते किरकोळ होतं. मुंगी चावल्यासारखं. मला त्याचं ते हसू पुसायचं होतं.

मग एक दिवस त्यानंच मला हत्यार आणून दिलं. मी भाजी चिरत होतो आणि तो कणीक मळत होता. दार लावून घेऊन तो जवळ आला.

"कुणाला बोलू नकोस. थोरले मला जर्मनीला पाठवतायत. दोन वर्षं, कारखान्यात. शिकून तिथेच ठेवून घेतील म्हणे."

"आणि धाकटे?"

"तेच तर. त्यांना आधी कळलं तर संपलं. थोरले म्हणतात, कारखान्याचं पत्र हातात येऊ दे, माझ्या जागी एक माणूस तयार होऊ दे, मग मी स्वतः जाऊन त्यांना सांगतो. फॅक्स आला की थेट थोरल्यांच्या हातात दे. ट्रेमध्येपण नको." कणकेचे हात तसेच पुढे करून म्हणाला, "तू आहेस म्हणून मला घोर नाही."

मी म्हटलं, "इन्शाल्ला."

"इन्शाल्ला काय! आमच्या घरात रत्नागिरीच्या पुढे कुणी शिकायला गेलं नाही. मी कारखान्यात शिकणार, ओढेकरांच्या गावात! धाकट्या भावालापण मागनं नेईन."

फॅक्स शनिवारी सकाळी सापडला. शुक्रवारी आमचं ऑफिस बंद आणि जर्मनी चालू, त्यामुळे शनिवारी दार उघडलं की फॅक्सची गुंडाळी टेबलावरून उतरून जमिनीवर पसरलेली असायची. मी खाली बसून एकेक कागद फाडत होतो. चौथा की पाचवा तो होता. 'हेर' आणि आडनाव. खाली फिटरचं नाव, पुढच्या महिन्यापासून दोन वर्षं, राहायची सोय, आणि शेवटी, 'ठरल्याप्रमाणे तुमच्या मॅनेजरना तुम्ही योग्य वेळी कल्पना द्याल असं समजतो.'

म्हणजे कोणता हेर, ह्यात शंकेला जागाच नव्हती.

मी नेहमीसारखी झेरॉक्स काढली. नेहमीसारखा शिक्का मारला, वेळ लिहिली. मग तो कागद उजवीकडच्या ट्रेमध्ये ठेवला. सगळ्यात वर. माझ्या मनात एकच वाक्य होतं आणि ते मी मोठ्यानं म्हटलं, कारण ऑफिसात अजून कुणी नव्हतं. "पोस्टमन ना मी? घे पोस्ट."

धाकटे सव्वाआठला आले. साडेआठला त्यांनी थोरल्यांना वर बोलावलं. दार बंद होतं, पण जर्मन भाषेतलं भांडण कळायला जर्मन यावं लागत नाही. थोरले बाहेर आले तेव्हा कानापर्यंत लाल झाले होते. माझ्या टेबलापाशी थांबून त्यांनी एकदा ट्रेकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. "तू तर कधी चुकत नाहीस," एवढंच म्हणाले. मी म्हटलं, "सॉरी सर, शनिवारची गर्दी होती." त्यांनी मान हलवली आणि जिना उतरून गेले. त्यांनी विश्वास ठेवला की नाही, मला आजही सांगता येणार नाही.

पुढचं सगळं धाकट्यांनी केलं. पाठीमागे कारस्थान केलं म्हणून कारखान्याला कडक फॅक्स गेला. तो मीच पाठवला. तीन दिवसांत उत्तर आलं, तुमच्यासारख्या एजंटची नाराजी आम्हाला परवडणार नाही, प्रस्ताव मागे घेत आहोत. आणि इतरांना धडा म्हणून फिटरचा व्हिसा रद्द. सहा महिन्यांचा बॅन, म्हणजे दुसऱ्या कंपनीतही लागता येणार नाही. खलास.

पासपोर्ट द्यायचं काम माझं. तो रजिस्टरवर सही करायला आला. मी बोट ठेवलं तिथे सही केली. पासपोर्ट उघडून स्वतःचा फोटो बघितला.

"तो फॅक्स धाकट्यांकडे कसा रे गेला?"

"वर त्यांचं नाव होतं," मी म्हणालो.

"नाव तर दोघांचंय."

मी कपाटाला कुलूप लावत होतो. किल्ली फिरेना, म्हणजे मी फिरवतच नव्हतो. पाठ करून उभा राहिलो. तो म्हणाला, "असो. जातोय तर आहेच, काही पार्सल आहे का तुझं? बाबांना काही द्यायचंय?"

हे त्यानं सगळं कळून विचारलं की भाबडेपणानं, हे मी हजार वेळा स्वतःला विचारलंय. टोमणा असेल तर जगातला सगळ्यात नेमका टोमणा. भाबडेपणा असेल तर त्याहून वाईट. मी म्हटलं, "नको." तो हसला नाही. मला हवं होतं ते मला मिळालं.

आणि खरं सांगतो, पुढचे दोन-तीन महिने मी खूष होतो. त्याच्या कॉटवर दुसरा माणूस आला, तिखलं कुणी करेना, तरी मी खूष होतो. पश्चात्ताप लगेच होतो हे खोटं आहे. सूड पोटभर जेवल्यासारखा असतो, बराच वेळ काही लागत नाही. थोरल्यांनी वर्षाच्या आत राजीनामा दिला तेव्हा पहिल्यांदा काहीतरी टोचलं. जाताना त्यांनी सगळ्यांशी हात मिळवला. माझ्याशीही. मी त्यांच्याकडे बघितलं नाही.

पुढे माझं लग्न झालं, दुसऱ्या मुलीशी, चांगल्या मुलीशी. कंपनी बदलली. नव्या कंपनीत मी खरंच ऑफिसर झालो, दारावर तशी पाटी लागली. बाबा आले, पाटीवरून बोट फिरवलं. दोन हजार साल उलटून गेल्यावर एकदा मुलगी शाळेचा ॲटलास घेऊन बसली होती. मी तो ओढून घेतला आणि जर्मनीच्या पानावर ते नाव शोधत राहिलो. इतकी लहान गावं शाळेच्या ॲटलासात कुठून असणार! मुलीनं पान ओढलं. "बाबा, माय होमवर्क इज ऑन आफ्रिका!"

त्याच वर्षी त्याचा फोन आला. नंबर कुठून मिळवला कोण जाणे. मागे कुठेतरी इंजीन फटफटत होतं. तो बंदरावर मच्छीमारांच्या बोटींची इंजिनं दुरुस्त करतो म्हणाला. जर्मनीचं त्याच्या तोंडून नावही नाही.

"साहेब झालास म्हणे! ऐकून बरं वाटलं बघ. अरे, एक काम होतं. माझा धाकटा भाऊ. वेल्डिंग चांगलं करतो. तुझ्याकडे बघ ना कुठे लागतंय का."

माझ्या कंपनीत तेव्हा वेल्डर हवे होते. यादी माझ्याच टेबलावर होती. एक सही, आणि तो पोरगा दोन महिन्यांत इथे असता. मी इतकंच विचारलं, "तुला आठवतंय का, तू आमच्या घरी पार्सल घेऊन गेला होतास?"

"म्हणजे काय! तुझ्या आईनं केळफुलाची भाजी वाढली होती. आणि ते गृहस्थ होते ना, चौकशी करणारे! झालं का रे काही मग तिथे?"

म्हणजे त्याला खरोखरच कधी कळलं नव्हतं. इतकी वर्षं मी ज्या माणसाशी हाडवैर धरून होतो, त्याला आपण भांडतोय हेच माहीत नव्हतं. असं कळल्यावर माणसानं विरघळावं. मी विरघळलो नाही. मला उलट नव्यानं राग आला. माझं आयुष्य उलटंपालटं करून हा केळफुलाची भाजी लक्षात ठेवून होता!

मी म्हणालो, "बघतो. इन्शाल्ला. कळवतो."

"कळव हां. तू आहेस म्हणून..." आणि तेवढ्यात लाईन कटली.

मी कळवलं नाही. वेल्डरच्या यादीवर दुसऱ्या दिवशी सही केली, त्यात त्याच्या भावाचं नाव नव्हतं. पहिल्या वेळी निदान जखम ताजी होती. ह्या वेळी ते निमित्तही नव्हतं. एसी ऑफिसात बसून, बायको-मुलगी-पाटी सगळं असताना, मी तेच पुन्हा केलं. हे मी स्वतःलाही कधी शब्दांत सांगितलं नव्हतं, आज सांगतोय.

राग गेलाय का, असं कुणी विचारलं तर मी हो म्हणणार नाही. मान मागे टाकून हसणारा माणूस दिसला की अजून माझा जबडा आवळतो. पण राग आहे म्हणून बाकी काही फिटत नाही.

त्यानं जे केलं ते न कळत केलं, मी जे केलं ते कळून, दोनदा. मी त्याचा भाऊ आता इथे आणू शकत नाही, त्याचं वय निघून गेलं असेल. मी त्याला जर्मनीलाही पाठवू शकत नाही. एकच गोष्ट माझ्या हातात आहे आणि ती मी अजून केलेली नाही. देवगडला जाऊन, त्याच्यासमोर बसून सांगायचं की तो फॅक्स थोरल्यांसाठी होता, मला ते माहीत होतं, आणि मी तो धाकट्यांना दिला. एवढं मी त्याचं देणं लागतो.